आल्सास : सुगंधी पांढऱ्या वाइन आणि मिश्र बागांची चव

ऱ्हाइनकाठी

ईशान्य फ्रान्समधल्या आल्सास प्रांतात, कोलमारला डिसेंबरच्या बाजाराला येणारी ओळखीची मंडळी परतीच्या आदल्या दिवशी हमखास विचारतात, "इथली कुठली बाटली नेऊ?" बरेचजण गेवुर्त्सट्रामिनर ही पांढरी वाइन नेतात, कारण दुकानात चाखायला दिलेल्या पहिल्याच घोटाला तिचा गुलाब आणि लिचीचा वास नाकात भरतो. निवड चांगलीच आहे. पण आल्सासमध्ये आणखी एक प्रकार मिळतो, ज्याकडे पाहुणे सोडा, इथलेही कित्येकजण दुय्यम म्हणून बघतात. एकाच बागेत, एकाच ओळीत वेगवेगळ्या जातींच्या वेली लावायच्या, तोडणी सगळ्यांची एकदम करायची, द्राक्षं एकत्रच दाबायची आणि त्या रसाची एकच वाइन करायची. सगळीकडे याला फील्ड ब्लेंड म्हणतात, आपण मिश्र बाग म्हणू. आल्सास नीट समजून घ्यायचं तर शेवटी या वाइनपर्यंत यावंच लागतं असं माझं ठाम मत आहे, म्हणून हा धागा काढला.

आधी जागा. पश्चिमेला व्होज पर्वत, पूर्वेला ऱ्हाइन, आणि मधल्या उतारांवर मार्लेनहाइमपासून थानपर्यंत गेलेली द्राक्षांची अरुंद पट्टी. तिच्यातून जाणारा सुमारे १७० कि.मी.चा वाइन मार्ग १९५३ सालचा आहे. पावसाचे ढग व्होजच्या पलीकडेच रिकामे होतात. महाबळेश्वर भिजतं आणि माण-खटाव कोरडा राहतो, तसंच. कोलमार हे फ्रान्समधल्या सर्वात कोरड्या शहरांपैकी एक आहे. त्यामुळे इथली द्राक्षं सावकाश पिकतात. दिवसा ऊन, रात्री गारवा, म्हणून साखर वाढताना आंबटपणा टिकतो आणि सालीत सुगंध साठत जातो. जमीन तर विलक्षण आहे. ऱ्हाइनची दरी खचल्यामुळे वेगवेगळ्या काळांतले थर उघडे पडले : कुठे ग्रॅनाइट, कुठे चुनखडी, कुठे वालुकाश्म, आणि थानच्या रांजेन टेकडीवर ज्वालामुखीचा खडक. बांध ओलांडला की माती बदलते.

जाती चारच महत्त्वाच्या मानतात. रीसलिंग सरळ, आंबट, लिंबाच्या सालीची, आणि काही वर्षं बाटलीत राहिली की तिला रॉकेलसारखा वास येतो. तो दोष समजू नका, जुन्या रीसलिंगची ती ओळखच आहे. पिनो ग्री जड, थोडी धुरकट, मधाकडे झुकणारी. २००७पर्यंत तिच्या बाटलीवर 'तोके' हे नावही असायचं, हंगेरीच्या तोकाई वाइनशी गल्लत नको म्हणून ते काढलं. मस्कॅट वासाला अगदी खायच्या द्राक्षासारखी, आणि इथे ती बहुधा कोरडी करतात. वास गोड, घोट कोरडा, ही गंमत पहिल्यांदा पिणाऱ्याला चकित करते. चौथी गेवुर्त्सट्रामिनर. गुलकंद, लिची, आलं, शेवटी जिभेवर किंचित कडसर. तिची अडचण एकच : साखर भराभर चढते आणि आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो. चांगल्या हातात ती थोर वाइन होते, साध्या हातात दुसऱ्याच पेल्याला नकोशी.

बाकी सिल्व्हानेर, पिनो ब्लाँ, ओक्सेरवा, शास्ला या रोजच्या जाती. इथे त्यांच्यावर फार लिहीत नाही, पण मिश्र बागेत त्यांचं काम मोठं असतं.

आता मिश्रणाबद्दल, कारण सगळा घोळ तिथेच होतो. दुकानात 'एडेलत्स्विकर' नावाची वाइन दिसेल, कित्येकदा लिटरच्या बाटलीत. तिच्यात कुठल्याही पांढऱ्या जाती कितीही प्रमाणात चालतात. जेवणाबरोबर रोज प्यायची ती वाइन, आणि त्या कामाला उत्तम. दुसरं नाव 'जाँती'. तिच्यात रीसलिंग, मस्कॅट, पिनो ग्री आणि गेवुर्त्सट्रामिनर (थोडक्यात गेवुर्त्स) मिळून निम्मा वाटा असावाच लागतो, आणि प्रत्येक जातीची वाइन आधी वेगळी करून मग मिसळावी लागते. म्हणजे ही दोन्ही मिश्रणं तळघरात होतात. मिश्र बागेचं मिश्रण लागवडीच्या दिवशीच झालेलं असतं. पुढची तीसचाळीस वर्षं त्याचं प्रमाण बदलता येत नाही.

पूर्वी अशा बागा सर्रास होत्या. एका जातीचा फुलोरा थंडीत गेला तर दुसरी हात देत असे. मग विसाव्या शतकात आल्सासने स्वतःची ओळख जातीच्या नावावर उभी केली. एक बाटली, एक जात, उंच सडपातळ बाटलीवर जातीचं नाव. १९७५पासून ग्रां क्रू, म्हणजे सर्वोत्तम ठरवलेल्या बागांची व्यवस्था आली तेव्हाही सर्वसाधारण नियम याच चार जाती, आणि त्याही सुट्या, असाच होता. विकायला सोपं पडलं. आल्सास जर्मनीकडे होता त्या काळात स्वस्त वाइनचा प्रांत म्हणून झालेली बदनामी पुसायलाही त्याचा उपयोग झाला. पण त्या ओघात मिश्र बाग म्हणजे गरिबाची बाग, अशी समजूत पक्की झाली. बेर्गहाइमच्या ज्याँ-मिशेल डाइस यांनी या समजुतीविरुद्ध हट्टाने काम केलं. उत्तम जागा घेऊन तिथे मिश्र लागवड केली आणि बाटलीवरून जातीचं नाव काढून बागेचं नाव टाकलं. त्यावर भरपूर वाद झाले. आज आल्टेनबेर्ग द बेर्गहाइम आणि केफरकोप्फ या ग्रां क्रूंमध्ये मिश्रणाला नियमानेच परवानगी आहे. एकूण ग्रां क्रू ५१ आहेत, त्यात ही मोजकीच.

सप्टेंबरअखेर अशा बागेत उभं राहून बघावं. पहिल्या वेलीवर रीसलिंगचे छोटे गच्च घड, हिरव्या मण्यांवर तपकिरी ठिपके. शेजारी गेवुर्त्स, गुलाबी आणि जाड सालीची. तिच्यापुढे राखाडी-जांभळट पिनो ग्री. मणी तोंडात टाकत ओळीतून चालत गेलं की दर दोन पावलांना चव पालटते. आंबट, मग अत्तरासारखी गोड, मग नुसतीच गोड, मध्येच मस्कॅटचा वास. तोडणाऱ्यांना जात बघायची नसते. सगळे घड एकाच बादलीत.

चाखताना आधी सुट्या जाती घ्या : सिल्व्हानेर किंवा पिनो ब्लाँ, मग रीसलिंग, मस्कॅट, पिनो ग्री, सर्वात शेवटी गेवुर्त्स. मग पाणी पिऊन थोडा वेळ जाऊ द्या आणि त्यानंतर मिश्र बागेची वाइन. फ्रिजमधून काढून लगेच ओतू नका, फार गार असेल तर वास बंद राहतो. दहा-बारा अंशांना ती खुलते. आणि गाडी चालवणाऱ्याने थुंकायचं भांडं वापरायचं, तळघरात ते ठेवलेलंच असतं, कोणी वाईट मानत नाही.

---

भटकी_सायली

ताई, धागा फार आवडला. वाचनखूण साठवली आहे. मी बाजेलला असते, म्हणजे तुमच्या शेजारीच. एक नेहमीची अडचण : आल्सासची बाटली गोड निघणार की कोरडी, हे बाहेरून कळतच नाही. जेवणाला म्हणून आणावी आणि सरबत निघावं, असं होतं. काय बघायचं?

---

ऱ्हाइनकाठी

@भटकी_सायली, ही तक्रार रास्त होती. २०२१च्या हंगामापासून गोडीचा उल्लेख बाटलीवर सक्तीचा झालाय. मागच्या चिठ्ठीवर 'सेक' (कोरडी), 'दमी-सेक' (अर्धकोरडी), 'मोएलो' (गोडसर) आणि 'दू' (गोड) यांपैकी शब्द किंवा पट्टी दिसेल. साधारण लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर म्हणजे सेक. आंबटपणा चांगला असेल तर ९ ग्रॅमपर्यंतही सेकच म्हणतात. त्यापुढे १२पर्यंत (आंबटपणानुसार १८पर्यंत) दमी-सेक, ४५पर्यंत मोएलो, वर दू. जुन्या बाटल्यांवर हे नसतं, तिथे अल्कोहोलचा आकडा बघा. गेवुर्त्सवर साडेबारा-तेरा टक्के दिसलं तर साखर उरलेली असण्याची शक्यता जास्त. 'व्हांदांज तार्दिव्ह' म्हणजे उशिरा तोडलेली, बहुतेक वेळा गोड. 'सेलेक्सियाँ द ग्रँ नोब्ल' त्याहून गोड, बुरशीने सुकवलेल्या मण्यांची. ती जेवणानंतर छोट्या पेल्यात.

---

गोदाकाठची_बाग

राम राम. मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. टेबल ग्रेपची, म्हणजे खायच्या द्राक्षांची बाग आहे आणि काही क्षेत्र वायनरीला करारावर दिलेलं आहे. तुमचं वाचून पहिला प्रश्न डोक्यात आला तो असा : चार जातींच्या मण्यांत एकदम पाणी उतरत नाही, म्हणजे ते एकदम पिकायला लागत नाहीत. आमच्याकडे एकाच जातीच्या दोन प्लॉटमध्ये आठ-दहा दिवसांचा फरक पडतो. मग एकाच दिवशी तोडणी कशी काय करतात? एकाला २४ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप), दुसऱ्याला १९, असा माल वायनरी घेणारच नाही, गाडी परत पाठवतील.

दुसरं, फवारणी. भुरी रोगाला एक जात लवकर बळी पडते, दुसरी तग धरते. मिश्र ओळीत फवारणीचं वेळापत्रक कोणाच्या हिशोबाने लावायचं?

---

ऱ्हाइनकाठी

@गोदाकाठची_बाग, दादा, अगदी मुळाला हात घातलात.

फवारणी सर्वात नाजूक जातीच्या हिशोबाने करावी लागते, त्याला इलाज नाही. खर्च वाढतो. दुसरी बाजू अशी की रोग एका जातीवर आला तर पुढची वेल वेगळ्या जातीची असते, त्यामुळे सगळी ओळ एकदम बसत नाही, असं इथले मिश्र बागवाले सांगतात.

पिकण्याबद्दल त्यांचं म्हणणं असं की वर्षानुवर्षं एकत्र वाढलेल्या वेलींचं पिकणं एकमेकींच्या जवळ येतं. पण फरक राहतोच, आणि माझ्या मते खरी गंमत त्या फरकातच आहे. गेवुर्त्स पूर्ण पिकून थोडी पुढे गेलेली, रीसलिंग अजून कडक आंबट, सिल्व्हानेर मधेच कुठेतरी. सरासरी ब्रिक्स जमतो, आंबटपणाही जमतो. एकट्या गेवुर्त्सला जी उणीव असते ती शेजारची वेल भरून काढते, आणि तीही रस आंबण्याच्या आधीपासून. तोडणीचा दिवस ठरवताना शेतकरी ओळीतून फिरून मणी खातो आणि सगळ्यांचा मिळून अंदाज घेतो. एका जातीला बरोबर गाठायचं सोडून द्यावं लागतं, हे खरं.

---

किण्व

मी नाशिक भागात वायनरीत काम करतो, वाइन बनवणं हाच पेशा. धागा मनापासून वाचला, पण या मुद्द्यावर मला विरोध नोंदवायचा आहे.

एकत्र वाढलेल्या वेली एकत्र पिकायला लागतात याला मला पटेल असा पुरावा दिसलेला नाही. जात, खुंट (ज्या मुळावर कलम बांधतात ते), पिकाचा बोजा आणि हवामान यांवर पिकणं ठरतं. आणि वेगळं आंबवून नंतर मिसळण्यात जो ताबा मिळतो तो मिश्र बागेत घालवून बसता. गेवुर्त्सला सालीबरोबर काही तास थंड भिजवायचं असतं, कारण सुगंध सालीत असतो. रीसलिंगला ते फारसं नको, कडवटपणा उतरतो. एकत्र माल आला तर दोघांना एकच वागणूक. शिवाय एखादं वर्ष एका जातीचं वाईट गेलं तर मी ती टाकी मिश्रणातून बाहेर ठेवू शकतो. मिश्र बागवाला काय करणार?

चव चांगली लागते यावर वाद नाही. ती मिश्र लागवडीमुळेच लागते, की उत्तम जागा, कमी उत्पादन आणि जिवापाड मेहनत यांच्यामुळे, हे वेगळं काढता आलं पाहिजे.

---

ऱ्हाइनकाठी

@किण्व, तुमचा शेवटचा परिच्छेद मला मान्य आहे. डाइससारखे लोक कुठलीही द्राक्षं लावतील तरी चांगलीच वाइन करतील.

पण ताब्याबद्दल वेगळं वाटतं. तळघरात मिसळणारा माणूस स्वतःच्या जिभेला आवडेल ते प्रमाण ठरवतो, आणि दर वर्षी साधारण तीच चव यावी अशी त्याची इच्छा असते. मिश्र बागेत प्रमाण ठरलेलं, म्हणून वर्ष बदललं की वाइन बदलते. गरम वर्षी गेवुर्त्स आणि पिनो ग्री पुढे येतात, थंड वर्षी रीसलिंग. एकाच बागेच्या तीन-चार वर्षांच्या बाटल्या ओळीने चाखल्या की हे इतकं स्पष्ट दिसतं की त्या वर्षीचा उन्हाळा कसा होता ते सांगता यावं. मला वाइनमधून हेच हवं असतं. वाईट वर्षाची जोखीम शेतकरी घेतो, त्याचा मला आदर वाटतो.

---

प्रयोगवही

रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून सुगंधाच्या बाजूने थोडं.

या 'सुगंधी' जातींचा वास प्रामुख्याने मोनोटर्पीन गटातल्या संयुगांचा. मस्कॅटमध्ये लिनालूल भरपूर असतं. आपल्या धण्याच्या तेलातही लिनालूलच सर्वात जास्त. धणे हातावर चुरडून वास घ्या आणि मग मस्कॅटचा पेला नाकाशी न्या, नातं लगेच कळेल. जिरॅनिओल हे दुसरं, गुलाबाकडे जाणारं. खानदेशात ज्या रोशा गवताचं तेल काढत, त्याचा मुख्य घटक हाच. गेवुर्त्सचा खास वास मात्र रोझ ऑक्साइडचा. ते लिचीतही असतं, म्हणून लिचीची आठवण येणं हा कल्पनेचा खेळ नाही, रेणू तोच आहे.

यातला बराचसा सुगंध द्राक्षात साखरेच्या रेणूला बांधलेला असतो आणि त्या अवस्थेत त्याला वास नसतो. आंबवताना आणि नंतर बाटलीत तो हळूहळू सुटतो. मणी नुसता खाल्ला तर जेवढा वास येतो त्याहून वाइनला जास्त का येतो, त्याचं एक कारण हे. रीसलिंगच्या रॉकेलचं मूळ निराळं, कॅरोटिनॉइड द्रव्यं तुटून तयार होणारं टीडीएन नावाचं संयुग. मण्यांना ऊन जास्त मिळालं की ते वाढतं.

@किण्व यांच्या मुद्द्याला एक पुरवणी : गेवुर्त्सच्या रसाचा सामू (पीएच) चढा असतो. त्यात सुरुवातीपासून रीसलिंगचा आंबट रस असेल तर सामू उतरतो आणि नको ते जिवाणू आटोक्यात राहतात. नंतर मिसळण्यात हा फायदा मिळत नाही. म्हणजे एकत्र आंबवण्याला रासायनिक अर्थ आहे. मात्र त्यासाठी वेली एकाच ओळीत असण्याची गरज नाही, तोडलेला माल एका टाकीत आणला तरी पुरे.

---

डॅन्यूबवासी

व्हिएन्नाहून. इथे 'गेमिश्टर झाट्स' हीच गोष्ट आहे आणि ती दुय्यम अजिबात मानत नाहीत, शहराचा अभिमान आहे. शहराच्या हद्दीत सुमारे सहाशे हेक्टर द्राक्षबागा आहेत, ट्रामने जाता येतं. २०१३पासून वीनर गेमिश्टर झाट्सला डीएसीचा (ऑस्ट्रियातल्या प्रदेशनिष्ठ वाइनचा अधिकृत) दर्जा आहे : एकाच बागेत किमान तीन पांढऱ्या जाती एकत्र लावलेल्या आणि एकत्र तोडलेल्या हव्यात, सर्वात मोठा वाटा ५० टक्क्यांहून जास्त नको, तिसरा वाटा निदान १० टक्के. ग्र्युनर व्हेल्टलिनर, रीसलिंग, वाइसबुर्गुंडर, ट्रामिनर, नॉयबुर्गर अशा जाती असतात.

नुसबेर्ग टेकडीवर चढत जायचं. ज्या दारावर पाइनच्या फांद्यांची जुडी टांगलेली असेल तिथे बागवाला स्वतःची वाइन विकतोय असं समजायचं. सम्राट योसेफ दुसरा याच्या १७८४च्या हुकमापासून ही मुभा आहे. आल्सासपेक्षा इथली चव हलकी आणि कोरडी, मिरी आणि हिरव्या सफरचंदाकडची. दुपारी बाकावर बसून प्यायला मला ही जास्त आवडते. आल्टेनबेर्गसारखी वाइन एका पेल्यातच भरपूर होते.

---

मांडवीतीर

मूळची पणजीची, सध्या लिस्बनला. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातल्या जुन्या बागांतही कित्येक जाती एकत्र आहेत. पोर्ट वाइन पिढ्यानपिढ्या अशाच बागांतून आली. १७५६मध्ये वाइनसाठी अधिकृत हद्द आखून दिलेला प्रदेश आहे तो. आम्ही गोव्यात पोर्ट म्हणजे लाल आणि गोड एवढंच समजत वाढलो. दोरूच्या उंचावरच्या मिश्र बागांच्या कोरड्या पांढऱ्या वाइन प्यायले तेव्हा केवढा वेगळा प्रदेश बघायचा राहून गेला होता ते कळलं. राबिगातू, व्हियोझिन्यू, गोव्हेयू अशा जाती असतात. आल्सासइतका सुगंध नाही, पण खारट-दगडी चव आणि मासळीशी जमणं यांत त्या वरचढ. वाचतेय, पुढेही लिहा.

---

तिरफळ

जेवणाचं कोणी बोललंच नाही! 'तिखट भारतीय जेवणाबरोबर गेवुर्त्स' असा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. मी मालवणी मटणाबरोबर प्यायले आणि तोंडाची आग दुप्पट झाली.

---

ऱ्हाइनकाठी

@तिरफळ, तो सल्ला अर्धवट आहे. मिरचीच्या जाळाला साखर शांत करते पण अल्कोहोल भडकवतं. चौदा टक्क्यांची कोरडी गेवुर्त्स मालवणी मसाल्यापुढे नकोच. तिथे कमी अल्कोहोलची दमी-सेक रीसलिंग घ्या. गेवुर्त्सला मसाला चालतो, मिरची नाही : जायफळ-वेलचीचं काही, पनीरची मलईदार भाजी, किंवा इथल्यासारखं वासाळ मुन्स्टर चीज.

तुमच्या नावाचंच सांगते. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिकलं, पण मिरची बेताची आणि नारळ भरपूर, आणि सोबत मिश्र बागेची कोरडी वाइन. तिरफळाच्या वासात लिंबाची साल आणि फुलं दोन्ही आहेत, वाइनमध्येही तेच. नारळाच्या स्निग्धपणाला रीसलिंगचा आंबटपणा कापतो. आमच्या घरी पाहुणे आले की मी हेच करते. कोकमाचं आगळ मात्र कमी घाला, नाहीतर वाइन पाणचट लागते.

---

भटकी_सायली

ताई, मैत्रिणींना बोलावून चाखणी केली. तुम्ही सांगितलेल्या क्रमानेच. एक गोष्ट स्वतःच्या मनाने जोडली : रीसलिंग पाच भाग, पिनो ग्री दोन, मस्कॅट दोन आणि गेवुर्त्स एक भाग, असं स्वयंपाकघरातल्या मापाच्या पेल्यात मोजून आमचं मिश्रण केलं, आणि ते मिश्र बागेच्या वाइनशेजारी ठेवलं. कुठला पेला कुठला हे फक्त ओतणारीला माहीत.

गेवुर्त्स दहावा हिस्साच होती, तरी आमच्या मिश्रणात सगळ्यांना पहिला वास तिचाच आला. गुलाब वर तरंगत राहिला आणि खाली रीसलिंग वेगळी लागत राहिली, दोघींची ओळख झालेली नाही असं वाटलं. मिश्र बागेच्या पेल्यात सुरुवातीला वासच कमी. एकीने तर नापास केली. वीसेक मिनिटांनी परत नाकाशी नेला तेव्हा संत्र्याची साल, सुका जर्दाळू, थोडा धूर, आणि ओल्या दगडासारखं काहीतरी. कुठलीच जात नावाने ओळखता येईना. घोट गिळल्यावर चव बराच वेळ टिकली. नापास करणारीने शेवटी तोच पेला संपवला.

---

किण्व

@भटकी_सायली, छान नोंद. हरकत एकच : तुमच्या चार बाटल्या चार वेगळ्या बागांच्या आणि बहुधा वेगळ्या वर्षांच्या. आणि मिसळून दहा मिनिटांत चाखल्या. आम्ही मिश्रण केल्यावर ते जुळायला काही आठवडे तरी देतो. नीट तुलना करायची तर एकाच जागेची, एकाच दिवसाची द्राक्षं हवीत.

---

गोदाकाठची_बाग

मी इतके दिवस वाचत होतो. आता एक सुचतंय ते मांडतो.

तिकडे छाटणी वर्षातून एकदा, थंडीत. फुटवा हवामान ठरवेल तेव्हा. आमच्याकडे एप्रिलात खरड छाटणी (नव्या काड्या वाढवण्यासाठी) आणि पावसाळा सरताना फळछाटणी. फळछाटणीची तारीख आम्ही ठरवतो, आणि तिच्यावरून तोडणीची तारीख ठरते. मग मिश्र बाग आमच्याकडे उलट सोपी व्हायला हवी! उशिरा पिकणाऱ्या जातीची छाटणी आधी घ्या, लवकर पिकणारीची आठ-दहा दिवसांनी. दोन्हींचा ब्रिक्स एकाच आठवड्यात येईल. तिकडच्या शेतकऱ्याला हे जमणार नाही, आम्हाला जमतं.

पाऊस लांबला तर आधी छाटलेल्याला डाऊनी (केवडा) रोगाचा धोका, तेवढं सांभाळावं लागेल. माझ्या करारातल्या प्लॉटला लागून नवीन लागवडीची जागा मोकळी आहे. दोन-तीन ओळी मिश्र लावून बघायची तयारी आहे, माल घेणारा कोणी असेल तर.

---

किण्व

@गोदाकाठची_बाग, हे मला खरंच सुचलं नव्हतं. छाटणीच्या तारखेने पिकणं जुळवता येत असेल तर माझा अर्धा आक्षेप गळून पडतो. नवीन ओळींना पीक यायला वेळ आहे, तोवर एक करता येईल. जानेवारी-फेब्रुवारीत तोडणी सुरू झाली की शेनिन ब्लाँ, रीसलिंग आणि व्हियोनिए लागून असलेल्या प्लॉटमधून एकाच सकाळी थोडी थोडी तोडून एका छोट्या टाकीत एकत्र आंबवतो. तीच द्राक्षं त्याच प्रमाणात वेगवेगळी आंबवून नंतर मिसळतो. व्यवस्थापनाला विचारावं लागेल, पण एवढ्याशा मालाला नाही म्हणणार नाहीत. ऱ्हाइनकाठी, तुम्ही काय बघाल?

---

ऱ्हाइनकाठी

@किण्व, @गोदाकाठची_बाग, फार आनंद झाला.

दोन्ही टाक्यांना यीस्ट एकच, तापमान एकच, सल्फरही सारखंच ठेवा, नाहीतर फरक कशाचा ते कळणार नाही. तोडणी पहाटे गारव्यात आणि माल लगेच थंड, सुगंध तिथेच सर्वात जास्त उडतो. सालीबरोबर भिजवणं दोन्हीकडे टाळा, तुमचाच आक्षेप होता तो. मिश्रण बाटल्यांत भरण्याआधी दोन महिने तरी एकत्र राहू द्या. मग बाटल्यांवर फक्त आकडे टाका. पहिली चाखणी सहा महिन्यांनी, दुसरी दीड वर्षाने, कारण बांधलेला सुगंध सुटायला वेळ लागतो आणि पहिल्या चाखणीत मिश्र टाकी मागे पडली तर मला नवल वाटणार नाही. दोन्ही टाक्यांचा सामू आणि आंबटपणा दर आठवड्याला लिहून ठेवा, @प्रयोगवही यांना त्यातून बरंच काढता येईल.

गोदाकाठचे दादा, मिश्र ओळी लावताना प्रत्येक वेलीच्या खांबावर जात रंगवून ठेवा. पहिल्या दोन वर्षांत पानावरून ओळखणं अवघड जातं, आणि छाटणीच्या तारखा वेगळ्या ठेवायच्या तर माणसाला खांब बघूनच कळलं पाहिजे.